तिच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या रक्तात: लैंगिक अत्याचारानंतरच्या एका तपासणी-अर्जाचं प्रकरण

आरोपीच्या एचआयव्ही तपासणीसाठी न्यायालयात केलेल्या अर्जाचं हे प्रकरण कोकण किनाऱ्यावरच्या राजापूर ते देवगड पट्ट्यातलं, २०२५ च्या मे अखेरीचं. मी तेव्हा या भागात महिला समुपदेशक म्हणून काम करत होते आणि पहिल्या फोनपासून तिच्यासोबत होते. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. तिला नाव दिलेलं नाही, इथे ती फक्त 'ती' आहे. लिहिण्याआधी तिला विचारलं होतं. "लिवा, पन गाव नको," एवढीच तिची अट होती.

पार्श्वभूमी

ती २४ वर्षांची. नवरा ट्रॉलरवर खलाशी, घरात सासू, मोठा दीर आणि जाऊ, पदरात दहा महिन्यांची मुलगी. मे महिन्यात कॅनिंगचा आंबा सुरू झाला की वाडीतल्या बायका फॅक्टरीत जातात, तशी तीही जायची. सकाळी सातला जाताना मुलीला पाजायची, दुपारी जाऊ मुलीला फॅक्टरीच्या फाटकापर्यंत आणायची, संध्याकाळी परत घरी.

आरोपी आंबा आणणाऱ्या टेम्पोचा चालक. पलीकडच्या वाडीतला, नवऱ्याच्या ओळखीतला, लग्न झालेला. एका सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला, एसटी चुकली म्हणून ती त्याच्या टेम्पोत बसली. पुढचं इथे लिहिण्याची गरज नाही.

मंगळवारी ती कामावर गेली नाही. रात्री जावेला सांगितलं. जावेने ऐकून घेतल्यावर जे सांगितलं त्यातून पुढचं सगळं सुरू झालं: त्या चालकाबद्दल फॅक्टरीत बोललं जायचं की त्याला 'तो' आजार आहे, तो कोल्हापूरला गोळ्या आणायला जातो. कुणी बघितलं होतं? कुणीच नाही. पण मंगळवारी रात्री ते वाक्य तिच्या कानात गेलं आणि अत्याचाराच्या वर ही दुसरी भीती येऊन बसली.

मला ती पहिल्यांदा भेटली तेव्हा स्वतःबद्दल तिने काहीच विचारलं नाही. म्हणाली, "माका काय व्हायचा ता होवंदे ताई, पन माज्या चेडवाक काय होतला?"

पहिले ६३ तास

बुधवारी सकाळी जाऊ तिला घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथे सांगण्यात आलं, आधी पोलीस ठाण्यात जा, पत्र घेऊन या, मग बघू. हे कायद्याला धरून नव्हतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा पीडितेवर ताबडतोब आणि मोफत उपचार करायचे असतात आणि पोलिसांना कळवण्याचं काम रुग्णालयाचं असतं. उपचार नाकारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा आहे. पोलिसांच्या पत्राशिवाय तपासणी नाकारण्यावर सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या मंजण्णा प्रकरणात २००० सालीच कडक शब्दांत नापसंती नोंदवली आहे. पण दवाखान्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या दोन जावांना हे कोण सांगणार?

त्या पोलीस ठाण्यात गेल्या. तिथल्या महिला अंमलदाराने नीट ऐकून घेतलं आणि मला फोन केला. गुन्हा नोंद होईपर्यंत दुपार झाली. मग सत्तर किलोमीटर वळणांचा रस्ता, वाटेत एकदा उलटी, आणि रात्री नऊला जिल्ह्याच्या ठिकाणी. पन्नास तास उलटून गेले होते.

वैद्यकीय तपासणी रात्रीच झाली. संमती नीट विचारली, दोन बोटांची चाचणी वगैरे प्रकार झाला नाही, गर्भधारणा टाळणारी गोळी दिली, गुप्तरोगांसाठी करड्या पाकिटातली, म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम ही एकेकदाच घ्यायची औषधं दिली. डॉक्टर तरुण होत्या आणि मनापासून काम करत होत्या. पण एचआयव्ही प्रतिबंधाच्या गोळ्यांबद्दल विचारलं तेव्हा उत्तर आलं, एआरटी केंद्र (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) सकाळी उघडेल.

इथे माझी पहिली चूक झाली. मी 'बरं' म्हटलं. पेपच्या गोळ्या, म्हणजे संसर्गाची शक्यता आल्यानंतर घ्यायच्या या प्रतिबंधक गोळ्या, जितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत, आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात हे मला ठाऊक होतं. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याला सुई टोचली तर रात्री-अपरात्री लागणाऱ्या याच गोळ्या अपघात विभागात ठेवलेल्या असतात, हेही ठाऊक होतं. वरिष्ठांना उठवायला हवं होतं. मी दिवसभराच्या दमलेपणात तिला बाकड्यावर निजवलं. पहिली गोळी गुरुवारी सकाळी दहाला मिळाली. ६३ तास झाले होते, हातात नऊ उरले होते. वाटेतल्या एखाद्या पुलावर त्या रात्री गाड्या अडकल्या असत्या तर हे नऊ तासही गेले असते.

गोळी एकच, दिवसातून एकदा: टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर एकत्र. २८ दिवस, एकही न चुकवता. सोबत हिपॅटायटिस बी लशीचा पहिला डोस. तिची स्वतःची एचआयव्ही, हिपॅटायटिस आणि व्हीडीआरएल (सिफिलिससाठीची) तपासणी त्याच दिवशी झाली, सगळं निगेटिव्ह. ही पहिली तपासणी फक्त 'घटनेच्या आधी काही नव्हतं' एवढंच सांगते. घटनेतून काही आलं का, ते पुढच्या सहा आठवड्यांत, तीन महिन्यांत, सहा महिन्यांत कळतं. तिच्या या रिपोर्टची प्रत पोलिसांच्या कागदात जाऊ नये म्हणून मी एआरटी केंद्रातच थांबून राहिले. ते एक काम मात्र त्या दिवशी बरोबर झालं.

दुधाचा निर्णय

या प्रकरणातला सगळ्यात जड निर्णय न्यायालयात झाला नाही, तो गुरुवारी दुपारी एआरटी केंद्रातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर झाला.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. या गोळ्या चालू असताना अंगावर पाजायला हरकत नाही. संसर्ग असलेल्या पुरुषाकडून एका वेळच्या योनीमार्गातल्या संबंधातून एचआयव्ही येण्याची शक्यता दहा हजारांत साधारण आठ. जखमा असतील तर जास्त. तो माणूस नियमित औषधं घेत असेल आणि त्याच्या रक्तात विषाणू सापडत नसेल तर शक्यता जवळपास शून्य. पण गोळ्या घेऊनही संसर्ग झालाच, तर पहिल्या काही आठवड्यांत रक्तात आणि दुधात विषाणू भरपूर असतो आणि तेव्हा बाळाला धोका जास्त.

तिने एकच विचारलं. त्याला आहे की नाही?

डॉक्टर म्हणाले, ते आपल्याला माहीत नाही.

त्याच संध्याकाळपासून तिने दूध तोडलं. मुलगी पेज, मऊ भात, नाचणीचं सत्त्व खात होती, त्यामुळे उपाशी राहिली नाही. पण दूध साचून तिची छाती दगड झाली, शनिवारी ताप भरला. घरात सासूला काहीच माहीत नव्हतं. "चेडवाचा दूध कित्याक तोडलंस गो?" या प्रश्नाला ती उत्तर देत नव्हती आणि मुलगी रात्रभर तिच्या पदराला झोंबत होती.

आणि रविवारी १ जून. मासेमारीबंदी सुरू होणार, नवरा दोन महिन्यांसाठी घरी येणार.

प्रश्न नेमका काय होता

आरोपीला गुरुवारी रात्री अटक झाली. शुक्रवारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२ प्रमाणे त्याची वैद्यकीय तपासणी झाली. रक्त, वीर्य, नखं, केस, डीएनएसाठी नमुने. ही तपासणी पुराव्यासाठी असते. 'या माणसापासून तिला काही आजार होऊ शकतो का' हा प्रश्न त्या फॉर्मवर नाही आणि कुणी तो विचारलाही नाही. म्हणजे त्याचं रक्त काढलं गेलं, सीलबंद होऊन प्रयोगशाळेकडे गेलं, आणि तिला ज्या एका गोष्टीसाठी ते हवं होतं तेवढी सोडून बाकी सगळं त्यातून तपासलं जाणार होतं.

तिची मागणी साधी होती. त्याला शिक्षा होईल तेव्हा होईल. आज मला पाजायचं की नाही, नवऱ्याला काय सांगायचं, या गोळ्यांनी होणारी मळमळ सोसायची ती कशासाठी, हे ठरवायला मला कळायला हवं.

कोणते पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय सगळ्यात आधी चालून आला, आणि तो चुकीचा होता. ओळखीच्या एका आरोग्य कर्मचाऱ्याने हळूच सांगितलं, "नाव द्या, कोल्हापूरच्या रजिस्टरला आहे का बघतो." मी अर्धा मिनिट गप्प राहिले हे प्रामाणिकपणे सांगते. पलीकडे तापाने फणफणलेली बाई होती. पण २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा रुग्णाची माहिती अशी बघायला आणि सांगायला बंदी करतो, आणि ती बंदी उगीच आलेली नाही. आपल्याच किनाऱ्यावर, गोव्यात, १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केलं, त्यातून तो बाधित असल्याचं कळलं, आणि पोलिसांकरवी त्याला उचलून जुन्या क्षयरोग रुग्णालयात दोन महिन्यांहून अधिक काळ एकटं डांबून ठेवलं गेलं. रजिस्टरमधलं नाव बाहेर पडलं की काय होतं ते कोकणाने बघितलेलं आहे. आज मी आरोपीचं नाव बघायला सांगितलं असतं, तर उद्या कुणी तिचं बघितलं असतं. मी नको म्हटलं.

दुसरा पर्याय, काहीच न विचारता २८ दिवस पूर्ण करायचे. डॉक्टरांच्या दृष्टीने हेच पुरेसं होतं, आणि उपचारापुरतं ते खरंच आहे. आरोपीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी विंडो पिरियडमुळे, म्हणजे संसर्ग होऊनही चाचणीत न दिसण्याच्या सुरुवातीच्या काळामुळे, शंभर टक्के खात्री देता येत नाही. ज्यांच्या प्रकरणात आरोपी सापडलेलाच नसतो त्या बायकाही याच गोळ्यांवर निभावतात.

तिसरा, आरोपीला त्याच्या वकिलामार्फत सरळ विचारायचं: तपासणीला संमती देतोस का? एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम ५ प्रमाणे संमती हाच मूळ मार्ग आहे. मी हा पर्याय दोन वाक्यांत निकालात काढला. ज्याने तिला विचारलं नाही त्याची परवानगी मागायला आपण का जायचं, असं मला वाटलं. ती भावना मला आजही चुकीची वाटत नाही. पण तिच्यावर आधारलेला निर्णय चुकीचा होता, ते पुढे येईल.

चौथा, न्यायालयाचा आदेश. कलम ६ प्रमाणे संमतीशिवाय एचआयव्ही तपासणी होऊ शकते, पण कधी? समोर असलेल्या प्रकरणातल्या मुद्द्यांचा निर्णय करण्यासाठी ती आवश्यक आहे असं न्यायालयाने आदेशात म्हटलं तर. पीडितेच्या आरोग्यासाठी आवश्यक, असं तिथे लिहिलेलं नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या २००७ च्या लैंगिक गुन्हे कायद्यात पीडितेला स्वतःच, घटनेपासून ९० दिवसांत, आरोपीच्या एचआयव्ही तपासणीसाठी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि निकाल तिला कळवला जातो. अमेरिकेत १९९४ च्या संघराज्यीय कायद्याने अशा अर्जाची वाट उघडली. आपल्याकडे पीडित व्यक्ती लहान मूल असेल तर पॉक्सो कायद्याच्या कलम ५ मध्ये एचआयव्हीची लागण करणं हा अत्याचार गंभीर ठरवणारा घटकच आहे, त्यामुळे आरोपीची तपासणी हा आपोआप 'प्रकरणातला मुद्दा' होतो. चोवीस वर्षांच्या बाईसाठी तसं कलम नाही. तिच्यासाठी मुद्दा शोधावा लागतो.

अर्ज, आणि अर्जासाठी द्यावी लागलेली किंमत

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलबाई मिळाल्या. स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यांनी आणि सरकारी वकिलांनी मिळून वाट काढली ती अशी: भारतीय न्याय संहितेच्या कलम २७२ मध्ये जीवघेणा आजार पसरेल अशी कृती जाणूनबुजून करणं हा गुन्हा आहे. आरोपीला आजार आहे असं फॅक्टरीत बोललं जातं, हे जावेच्या जबाबात आलेलं आहे. तेव्हा ते कलम लागतं की नाही हे तपासण्यासाठी चाचणी आवश्यक.

कायद्याच्या भाषेत हे चोख होतं. पण आम्ही काय केलं ते बघा. फाटकावरची कुजबुज उचलून तिचा आरोप केला. तिला फक्त कळून घ्यायचं होतं. आम्हाला ते 'त्याने जाणूनबुजून रोग पसरवला का' अशा शब्दांत मागावं लागलं. आरोग्याचा प्रश्न पुराव्याचे कपडे घातल्याशिवाय न्यायालयाच्या दारातून आत जात नव्हता.

अर्ज मी फक्त एचआयव्हीसाठी लिहून दिला होता. एआरटी केंद्राच्या डॉक्टरांनी मसुदा वाचला आणि विचारलं, "सिफिलिस? हिपॅटायटिस?" एचआयव्हीसाठी वेगळा कायदा आहे म्हणून आदेश लागतो, बाकीच्या चाचण्या कलम ५२ च्या तपासणीतही डॉक्टरला आवश्यक वाटल्यास करता येतात. आम्ही हिपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिस जोडलं. डॉक्टरांचा तो एक प्रश्न नसता तर या प्रकरणाचा शेवट वेगळा झाला असता.

अर्ज दाखल झाला आठव्या दिवशी. न्यायालयांना उन्हाळी सुट्टी होती, सुट्टीतलं न्यायालय तातडीचंच काम घेत होतं, आणि हे तातडीचं आहे हे पटवायलाच एक दिवस गेला. मग आरोपीचं म्हणणं मागवलं गेलं. त्याच्या वकिलांनी जोरदार विरोध केला: स्वतःविरुद्ध पुरावा द्यायला भाग पाडता येत नाही, खासगीपणाचा हक्क आहे, आणि ऐकीव गोष्टीवर माणसाची अशी तपासणी करता येत नाही. पहिल्या मुद्द्याचं उत्तर जुनं आहे. काठी कालू ओघड प्रकरणात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने बोटांचे ठसे, हस्ताक्षर असे नमुने घेणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे असं ठरवलं, आणि २०१० च्या सेल्वी निकालात नार्को चाचणीची सक्ती घटनाबाह्य ठरवतानाही रक्तासारख्या शारीरिक नमुन्यांना वेगळं ठेवलं. तिसरा मुद्दा मात्र खरा होता. त्याला आमच्याकडे चांगलं उत्तर नव्हतं.

आदेश

पंधराव्या दिवशी दंडाधिकाऱ्यांनी इन कॅमेरा सुनावणी घेऊन आदेश दिला. आदेश लहान आणि काळजीपूर्वक लिहिलेला होता: तपासणी सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, आधी आणि नंतर समुपदेशन करून, निकाल सीलबंद, तो फक्त पीडितेला, तिच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि स्वतः आरोपीला सांगायचा, पोलिसांच्या कागदात किंवा दैनंदिनीत नोंद नको, आदेशात दोघांचीही नावं नाहीत. एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम ३४ मध्ये टोपणनावाची आणि बंद दाराआडच्या सुनावणीची तरतूद आहे, तिचा त्यांनी आपणहून वापर केला.

त्या दिवशी व्हरांड्यात आरोपीचे वकील माझ्याशी बोलले. म्हणाले, "मॅडम, कलम २७२ नसतं तर मी विरोधच केला नसता. पहिल्या दिवशी नुसतं विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता. त्यालाच जाणून घ्यायचं होतं."

मी त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवला असं नाही. पण शुक्रवारी, तपासणीच्या टेबलावर, एका डॉक्टरने एका कागदावर एवढंच विचारलं असतं तर? त्याने नाही म्हटलं असतं तरी आमचं काही जाणार नव्हतं.

निकाल

एकोणिसाव्या दिवशी ती आणि मी एआरटी केंद्रात गेलो. एचआयव्ही निगेटिव्ह. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह. व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह, खात्रीच्या चाचणीतही सिफिलिस.

ज्या आजाराच्या नावाने सगळ्यांची झोप उडाली होती तो नव्हता. ज्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं तो होता. करड्या पाकिटातल्या औषधाचा सिफिलिसवर भरवसा धरता येत नाही. लक्षणं आणि रक्तातला पुरावा दिसायला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून नव्वद दिवसांच्या आत संबंध आलेल्या व्यक्तीला रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी उपचार देतात. त्याच दिवशी तिला पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन मिळालं. दुखतं ते, दोन दिवस तिला नीट बसता आलं नाही. पण पुढच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या आहेत, आणि यात त्या आदेशाचा वाटा आहे. पेपच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने २८ दिवस पूर्ण केल्या.

आणखी एका बाईचा इथे उल्लेख करायलाच हवा. आरोपीला बायको आहे. तिचाही या रिपोर्टशी थेट संबंध होता, आणि तिच्यासाठी कुणाचा अर्ज नव्हता. समुपदेशकाने आरोपीला जोडीदाराला तपासणीला पाठवायला सांगणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. माझ्या हातात तेवढाच भरवसा होता. आदेशाच्या मर्यादेत राहायचं तर मी तिच्या दारात जाऊ शकत नव्हते आणि गेले नाही. ही गोष्ट मला सलते.

दूध परत आलं नाही. तोपर्यंत आटलं होतं.

नवरा

तो १ जूनला आला. तोपर्यंत तिने ठरवलं होतं की सांगायचं, पण घरात नाही. दुसऱ्या दिवशी दोघं जिल्ह्याच्या ठिकाणी आली आणि समुपदेशकासमोर तिने सांगितलं. तीन महिने निरोध वापरावा लागेल, गोळ्या का चालू आहेत, दूध का तोडलं, सगळं. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, गोळी किती वाजता असते? त्यानंतर रोज रात्री नऊला तांब्या-भांडं घेऊन तोच तिच्यासमोर बसायचा, हे तिने मला नंतर सांगितलं. सासूलाही त्यानेच सांगितलं, आपल्या पद्धतीने.

सगळ्यांचे नवरे असे वागत नाहीत. आधी कुणाला, कुठे, कसं सांगायचं हे तिने स्वतः ठरवलं होतं, याचा त्यात मोठा भाग होता असं मला वाटतं.

फुटलेली बातमी

आदेश इतका जपून लिहिलेला असताना बातमी फुटलीच. आरोपीला कारागृहातून तपासणीला नेण्यासाठी जे पत्र गेलं ते उघडं होतं. त्यावर गुन्हा क्रमांक होता, कलम २७२ होतं आणि 'एचआयव्ही चाचणीकामी' असे शब्द होते. कुठल्या टेबलावरून ते बाहेर आलं ते सिद्ध करता येणार नाही. दोन दिवसांत रिक्षास्टँडवर ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिथून वाडीत पोचेपर्यंत 'त्याची चाचणी' ही 'तिला झालाय' अशी झाली होती.

पावसाळ्यात वाडीतला बचत गट पापड-फेण्या करतो. तिला सांगण्यात आलं, थोडे दिवस येऊ नको. मुलीला शेजारच्या घरात कडेवर घेणं बंद झालं. आरोपीचा रिपोर्ट निगेटिव्ह होता हे सांगून हे थांबवता आलं असतं, पण आदेशाने ते सांगायला मनाई होती, आणि ती मनाई योग्यच होती. पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, तक्रार करता येईल असं वकीलबाईंनी सांगितलं. ती नको म्हणाली. तक्रारीचा कागदही कुणाच्या तरी टेबलावरूनच जाणार होता.

आज मागे बघताना

पहिल्या रात्री गोळी मिळायला हवी होती. आता मी अशा प्रत्येक प्रकरणात आधी तास मोजते, बाकीचे प्रश्न नंतर.

दूध. तिला तोडणं आणि पाजणं असे दोनच मार्ग दिसले, कारण आम्ही दोनच दाखवले. हाताने दूध पिळून टाकत राहिली असती तर ते आटलं नसतं, छातीही दुखली नसती, आणि एकोणिसाव्या दिवशी डॉक्टरांशी बोलून पुन्हा पाजण्याचा विचार करता आला असता. हे सुचायला कायदा लागत नव्हता. वाडीतल्या कुठल्याही सुईणीने सांगितलं असतं. आम्ही सगळे त्या दिवशी विषाणूकडे बघत होतो.

आरोपीला अटकेनंतरच्या पहिल्या तपासणीतच, डॉक्टरमार्फत, संमती विचारायला हवी होती. संमतीचा अर्ज आणि न्यायालयाचा अर्ज एकाच दिवशी तयार ठेवता येतो. पाचव्या दिवशी रिपोर्ट आला असता तर तो अपुराच असता, विंडो पिरियड होताच. पण 'माहीत नाही' आणि 'बहुधा नाही' यात तिच्यासारख्या आईला किती फरक पडतो ते मी बघितलं आहे. सिफिलिसचं इंजेक्शनही दोन आठवडे आधी मिळालं असतं.

कलम २७२ चा आधार घ्यायला हवा होता का, यावर वकीलबाईंचं आणि माझं अजून एकमत नाही. त्या म्हणतात, त्याशिवाय आदेश मिळाला नसता. त्यांचं म्हणणं बरोबर असेल. पण त्या कलमाने आरोपीला विरोधाला उभं केलं, दिवस घालवले, आणि उघड्या पत्रावर छापलं जाऊन तिच्याच अंगावर आलं. दोषारोपपत्रात ते कलम शेवटी लागलंच नाही. कायद्यात पीडितेच्या उपचारासाठी आवश्यक, एवढे शब्द असते तर कुजबुजीला आरोप करावा लागला नसता. वर दाद मागायची तर तेव्हा मुंबईला जावं लागलं असतं, आणि २८ दिवसांची गोळी चालू असलेल्या बाईसाठी तो मार्ग नव्हताच. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच्याकडे आहेत. असा मुद्दा घेऊन तिथवर जाणं आता निदान एका दिवसाच्या प्रवासाचं झालं.

आदेश मागताना त्यासोबत जाणारं पत्र कसं असेल तेही मागायला हवं होतं: सीलबंद, कलमाशिवाय, 'वैद्यकीय तपासणीकामी' एवढ्याच शब्दांत.

सद्यस्थिती

सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने, तिन्ही तपासण्यांत तिची एचआयव्ही आणि व्हीडीआरएल निगेटिव्ह. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झाले. अत्याचारपीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज केला आहे. गटातल्या दोघी-तिघी गणपतीत घरी येऊन गेल्या. तिने त्यांना चहा दिला आणि त्यांनी तो घेतला, असं जावेने मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

खटला सत्र न्यायालयात वर्ग झाला आहे. फाईलबरोबर ते सीलबंद पाकीटही गेलं. आता त्याचा खटल्याशी काही संबंध उरलेला नाही, पण ते कागदांच्या गठ्ठ्यातच आहे, आणि साक्षीपुराव्याच्या वेळी तो गठ्ठा अनेकांच्या हातून जाईल. पाकीट वेगळं काढून न्यायाधीशांच्या ताब्यात ठेवावं, असा अर्ज वकीलबाईंनी दिला आहे. त्यावर आदेश व्हायचा आहे. या वेळी अर्जात आम्ही तपासणीचं नावही लिहिलेलं नाही.